सर जोसेफ हूकर आणि स्वर्गारोहण बेटावरील नेचा

वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात झाडाच्या लॅटिन नावापुढे काही त्रोटक अक्षरे छापलेली असतात. ज्या शास्त्रज्ञाने त्या झाडास प्रथम नाव दिले त्याची ती खूण होय. हिंदुस्थानातील झाडांच्या नावांपुढे ‘हूक. एफ.’ ही खूण वारंवार आढळते, आणि क्वचित नुसतेच ‘हूक.’ असते. ही खूण एकाच माणसाची आहे असे आमच्या विद्यार्थिमित्रांस वाटणे साहजिक आहे. परंतु ती दोन माणसांची आहे. ‘हूक.’ म्हणजे सर विल्यम जॅक्सन हूकर, आणि ‘एफ.’ हे ज्या लॅटिन शब्दाचे आद्याक्षर आहे त्याचा अर्थ पुत्र. तो पुत्र म्हणजे सर जोसेफ डाल्टन हूकर. या पुत्राचे चरित्र आम्ही येथे सांगत आहो, आणि ते सांगताना अटलांटिक महासागरातील एका उजाड बेटाकडे व तेथील एका बोटभर नेच्याकडे आम्हास पुनःपुन्हा वळावे लागणार आहे.

जोसेफ यांचा जन्म ता. ३० जून १८१७ रोजी इंग्लंडातील सफोक परगण्यात हेल्सवर्थ या गावी झाला. ते तीन वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांची ग्लासगो येथील विश्वविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे अध्यापक म्हणून नेमणूक झाली व कुटुंब स्कॉटलंडात गेले. त्यांच्या बालपणाची एक गोष्ट सांगतात. पाचसहा वर्षांचा हा मुलगा एकदा शहराच्या गलिच्छ वस्तीत एका भिंतीच्या फटी उकरताना आढळला. काय चालले आहे असे विचारता त्याने आपणास अमुक शेवाळ सापडले म्हणून त्याचे लॅटिन नावच सांगितले! सातव्या वर्षी तो वडिलांच्या व्याख्यानांस जाऊन बसे. आजोबांच्या मांडीवर बसून कॅप्टन कुकच्या सफरींच्या ग्रंथातील चित्रे पाहणे हा त्याचा आवडता छंद असे. त्यांत केर्गेलेन बेटावरील कमानीसारखा खडक व पेंग्विन पक्षी मारणारे खलाशी यांचे चित्र त्याच्या मनात कायमचे ठसले.

इ. स. १८३९ मध्ये जोसेफ यांनी ग्लासगो येथे वैद्यकीची पदवी घेतली, आणि त्याच वर्षी कॅप्टन जेम्स क्लार्क रॉस यांच्या दक्षिण ध्रुवाकडील सफरीत ‘एरेबस’ जहाजावर साहाय्यक शस्त्रवैद्य म्हणून ते निघाले. वय बावीस. वैद्य हे नाव जहाजाच्या दफ्तरापुरते. मन सारे वनस्पतींकडे होते. ‘एरेबस’ व ‘टेरर’ ही दोन जहाजे चार वर्षे दक्षिणेच्या समुद्रांत फिरली. केर्गेलेन बेटावर ते उतरले तेव्हा लहानपणीच्या चित्रातील तोच कमानीचा खडक त्यांच्या डोळ्यांपुढे प्रत्यक्ष उभा राहिला. तेथील थंडी अशी की, दगडफुले खडकांस गोठून चिकटलेली असत. हूकर ती हातोडीने फोडून काढीत, आणि तेही न साधेल तर त्यांवर बसून राहत व अंगाच्या उबेने बर्फ वितळल्यावर हलकेच उचलून घेत. ज्यांस प्रयोगशाळेतील बाक कठीण वाटतो त्यांनी या आसनाचा विचार करावा.

या सफरीत त्यांनी जितकी बेटे पाहिली तितकी त्या काळच्या दुसऱ्या क्वचितच एखाद्या वनस्पतिशास्त्रज्ञाने पाहिली असतील. बेटे पाहता पाहता त्यांच्या मनात एक प्रश्न घर करून राहिला. समुद्राच्या मध्यभागी, कोणत्याही भूखंडापासून शेकडो कोस दूर असलेल्या खडकावर झाड आले कोठून? आणि आले ते आले, पण जगात अन्यत्र कोठेही न आढळणारे असे त्याचे रूप तेथे का बनले?

सन १८४३ मध्ये परत येताना त्यांची जहाजे सेंट हेलेना बेटाहून ॲसेन्शन बेटास लागली. हा शब्द आमच्या ख्रिस्ती वाचकांस परिचित आहे. प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या दिवशी, सन १५०३ मध्ये, पोर्तुगीज सरदार आल्बुकर्क याचे जहाज तेथे आले म्हणून बेटास हे नाव पडले. आमच्या गोमंतकीय वाचकांस हा आल्बुकर्क सांगावयास नकोच. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे आठ अंशांवर, ज्वालामुखीच्या राखेचे व लाव्हाचे बनलेले, क्षेत्रफळ अवघे ८८ चौरस किलोमीटर. नेपोलियनास सेंट हेलेनावर बंदीत ठेवल्यावर सन १८१५ मध्ये इंग्रजांनी येथे पहारा बसविला. आरमारी खाते तर या बेटास कागदोपत्री एक जहाजच समजे! पण या दगडी जहाजावर पिण्याच्या पाण्याची सदा टंचाई. खालचा प्रदेश भाजलेल्या विटांच्या ढिगासारखा. केवळ मधला डोंगर, जो ८५९ मीटर उंच आहे, त्याच्या माथ्यास ढग टेकत व तेथे थोडी हिरवळ असे. म्हणून त्याचे नावच ‘हिरवा डोंगर’.

ही हिरवळ कशाची होती? मोठी झाडे तेथे नव्हतीच. मुख्यत्वे नेच्यांचा व शेवाळांचा तो गालिचा होता. पावसाळ्यात घाटाच्या दरडींवर किंवा विहिरीच्या आतील दगडांच्या सांध्यांत जी नाजूक, फुलाफळांवाचूनची रोपे उगवतात ती नेच्यांची. नेच्यास बी नसते. पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके येतात, त्यांत धुळीहूनही सूक्ष्म असे बीजाणू असतात, आणि ते वाऱ्यावर हजारो मैल जाऊ शकतात. ओलसर जागी पडलेल्या बीजाणूपासून प्रथम नखाएवढा हिरवा पापुद्रा निघतो. त्यावर पाण्याचा पातळ थर असेल तरच पुढील नेचा जन्मास येतो. म्हणजे या वनस्पतीस प्रवासास वारा पुरतो, पण संसारास पाणी हवेच. समुद्रातील एकाकी डोंगरावर झाडांऐवजी नेचे का पोहोचले याचे उत्तर यात आहे. हे प्रवासी तेथे इतका काळ राहिले की, त्यांपैकी काही जातींचे रूप पालटून त्या निराळ्याच झाल्या. त्यांतील एक अगदी लहान, इतकी की तिचे सबंध रोप तळहातावर मावावे. तिची पाने युरोपातील पार्सली नावाच्या भाजीसारखी, आपल्या दृष्टीने म्हणावयाचे तर कोथिंबिरीसारखी, चिरलेली. तिच्या शास्त्रीय नावात ‘ॲनोग्रामा असेन्शिओनिस’ या शब्दांपुढे कंसात ‘हूक.’ ही अक्षरे आहेत. म्हणजे तिचे नामकरण पुत्राचे नव्हे, पित्याचे. कारण सर विल्यम हे नेच्यांच्या विद्येत त्या काळचे अग्रगण्य पंडित होते.

सन १८४१ मध्ये सर विल्यम लंडनजवळील क्यू येथील राजकीय उद्यानाचे अधिपती झाले होते. जोसेफ परत आल्यावर पितापुत्रांचे काम एकाच जागी सुरू झाले. याच सुमारास चार्ल्स डार्विन यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. डार्विन यांनी ॲसेन्शन बेट हूकर यांच्या सात वर्षे आधी पाहिले होते. प्राणी व वनस्पती यांच्या जाती अचल नसून काळाने पालटतात हा आपला विचार त्यांनी सन १८४४ च्या जानेवारीत पत्राने हूकर यांस कळविला. तेव्हा तो दुसऱ्या कोणास सांगण्याची सोय नव्हती. हूकर यांनी तो लागलीच मान्य केला नाही. वर्षानुवर्षे शंका काढल्या, दाखले मागितले, दाखले पुरविले. सन १८५८ मध्ये डार्विन व वॉलेस यांचे निबंध लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे एकत्र वाचले गेले ते हूकर व लायेल यांच्या मध्यस्थीनेच. हे मत पुढे अनेक भाविकांस जड गेले हे आम्हास ठाऊक आहे. येथे त्या वादात आम्ही शिरत नाही. मित्राचे म्हणणे चौदा वर्षे तपासून मग त्याच्या बाजूस उभे राहणे ही गोष्ट मात्र आम्हास फार मोलाची वाटते.

आता सन १८४७. ॲसेन्शनवरील पाण्याची टंचाई कशी दूर करावी याविषयी आरमारी खात्यास हूकर यांनी लेखी सल्ला दिला. डोंगराच्या वरच्या भागी झाडे लावावी, म्हणजे ती ढगांतील ओल अडवून धरतील. दऱ्यांच्या उभ्या उतारांवर झुडपे लावावी, म्हणजे माती तयार होऊन टिकेल. खालच्या रुक्ष भागात कोरडी हवा सोसणारी झाडे लावावी. आणि बागांतून उष्ण व थंड अशा दोन्ही प्रदेशांची पिके काढावी. योजना साधी, विचारपूर्वक व माणसांच्या हिताची होती. तहानेलेल्या खलाशांस पाणी मिळावे या इच्छेत दोष कोण काढील? इ. स. १८५० पासून वर्षानुवर्षे जहाजांतून रोपे येऊ लागली. विसाव्या वर्षाच्या आत डोंगराचे स्वरूप पालटू लागले. बांबू, निलगिरी, केळी, पेरू, आले, नॉरफोक बेटावरील सूचिपर्ण वृक्ष, सारे तेथे जीव धरून वाढले. आज तो डोंगर दाट धुक्याच्या अरण्याने झाकलेला आहे, आणि मनुष्याच्या हाताने उभे राहिलेले असे अरण्य जगात विरळाच.

ही रोपे पोहोचण्यापूर्वीच हूकर हिंदुस्थानाच्या वाटेस लागले होते. सन १८४८ च्या आरंभी ते कलकत्त्यास उतरले व तेथून दार्जिलिंगास गेले. तेथे ब्रायन हॉजसन यांच्या घरी राहून त्यांनी सिक्कीमच्या हिमालयात दोन वर्षे भ्रमण केले. सन १८४९ च्या नोव्हेंबरात तिबेटच्या सरहद्दीवरून परतताना ते व इंग्रज अधिकारी कँबेल यांस सिक्कीमच्या दिवाणाच्या माणसांनी पकडले व नाताळच्या आदल्या दिवशी सोडले. हूकर यांस कैदेतही वनस्पती गोळा करण्यास फारशी अडचण पडली नाही असे दिसते! या कैदेचे निमित्त करून इंग्रज सरकारने सिक्कीमचा तराईचा मुलूख घेतला, हेही सांगितले पाहिजे. शास्त्रज्ञाच्या पावलांमागून राज्याची पावले येत, असा तो काळ होता. हिमालयातील बुरांसाच्या जातीची मनोहर झाडे युरोपच्या बागांत पसरली ती मुख्यत्वे याच प्रवासामुळे. आणि ज्या ग्रंथाने आपल्या देशावर त्यांचे ऋण राहिले तो ‘ब्रिटिश हिंदुस्थानची वनस्पतिसंपदा’ या विषयावरील सात खंडांचा ग्रंथ सन १८७२ ते १८९७ या पंचवीस वर्षांत पुरा झाला. त्यात सोळा हजारांहून अधिक जातींचे वर्णन आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य असलेल्या थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर जो ग्रंथ पुढे लिहिला, त्याचा पाया हाच.

सन १८५१ मध्ये हूकर यांचा विवाह डार्विन यांचे गुरू हेन्स्लो यांच्या कन्या फ्रान्सेस यांजशी झाला. सन १८५५ मध्ये ते क्यू येथे वडिलांचे साहाय्यक झाले, व वडिलांच्या मृत्यूनंतर सन १८६५ पासून वीस वर्षे उद्यानाचे अधिपती होते. सन १८६३ मध्ये त्यांची सहा वर्षांची लाडकी मुलगी वारली; तो घाव त्यांनी आयुष्यभर जपला. मानसन्मान, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद, पदव्या यांची यादी लांब आहे. ती आम्ही देत नाही.

सन १८६६ च्या ऑगस्टात नॉटिंगहॅम येथे त्यांनी बेटांवरील वनस्पती या विषयावर एक व्याख्यान दिले, आणि आमच्या मते त्यांच्या साऱ्या आयुष्याचे सार त्या एका संध्याकाळी आले आहे. बेटावरील झाडे समुद्र ओलांडून आली असावी, तेथे ती निराळी झाली असावी, व बाहेरून नवे जीव आले की ती टिकत नाहीत, हे त्यांनी उदाहरणांनी दाखविले. सेंट हेलेनाची कथा त्यात होती. ते बेट प्रथम सापडले तेव्हा जंगलाने भरलेले होते. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीजांनी तेथे शेळ्या सोडल्या, शेळ्यांनी कोवळी रोपे खाल्ली, जुनी झाडे मेली तेव्हा त्यांची जागा घेण्यास कोणी उरले नाही, आणि पावसाने माती धुऊन नेली. जगात अन्यत्र नसलेली झाडे अशी एकेक करून गेली.

परंतु शेळ्यांची चूक दाखविणे सोपे. याच काळात हूकर यांनी ॲसेन्शनविषयीही लिहिले. तेथील लागवडीचे यश त्यांस दिसत होते, आणि त्या यशाची किंमतही दिसत होती. डोंगरावरील मूळच्या वनस्पतींवर या लागवडीचा परिणाम प्राणघातक होईल, आणि आपण गेलो तेव्हा माथ्यावर पसरलेला नेच्यांचा तो समृद्ध गालिचा नाहीसा होईल, अशी भीती त्यांनी स्पष्ट बोलून दाखविली. योजना त्यांची, भीतीही त्यांचीच. सल्ला देणारा मनुष्य बहुधा आपल्या सल्ल्याचे समर्थन करीत बसतो. हूकर यांनी तसे केले नाही, पण लागवड थांबविण्याचा आग्रह धरल्याचेही आढळत नाही. पाणी की नेचे, असा प्रश्न त्या काळी कोणी विचारला असता तर उत्तर ठरलेलेच होते. आम्हासही त्या ठिकाणी दुसरे उत्तर सहज देता आले असते असे वाटत नाही.

भीती खरी ठरू लागली. शत्रू मोठ्या झाडांच्याच रूपाने आला असे नाही. आपल्या विहिरींच्या भिंतींवर जो हंसराज वाढतो, काळ्या चकचकीत देठाचा, ज्याची पाने पाण्याने भिजत नाहीत, त्याच्याच कुळातील परदेशी नेचे बेटावर पोहोचले व उघड्या ओलसर दरडींवर चढले. कोथिंबिरीच्या पानांचा तो चिमुकला नेचा नेमका अशाच दरडींच्या आश्रयाने जगे. नेच्याचा पाडाव नेच्यानेच केला. सन १९५८ मध्ये तो डोंगराच्या उत्तर बाजूस शेवटचा दिसला. त्यानंतर शोध घेणारे रिकाम्या हाताने परतले, आणि सन २००३ मध्ये जगातील नष्ट झालेल्या जातींच्या यादीत त्याचे नाव लिहिले गेले.

हूकर हे पाहण्यास नव्हते. अधिपतिपद सोडल्यावरही सनिंगडेल येथील घरी त्यांचे काम अखंड चालले होते. नव्वदी उलटल्यावरही ते तेरड्याच्या जातींची निवड करीत बसत. तेरड्यासारखे घोटाळ्याचे कुळ या वयात हाती घेण्यास धैर्य लागते. ता. १० डिसेंबर १९११ रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनाचा मान देऊ केला गेला होता, पण त्यांच्या इच्छेप्रमाणे क्यू येथील संत ॲन यांच्या मंदिराच्या आवारात, वडिलांशेजारी, त्यांस ठेवण्यात आले. ‘हूक.’ आणि ‘हूक. एफ.’ तेथे जवळ जवळ आहेत.

सन २००९ च्या जुलैत हिरव्या डोंगराच्या दक्षिण बाजूच्या एका उघड्या, अवघड उतारावर दोघा वनस्पतिशास्त्रज्ञांस खडकाच्या आडोशास एक लहानसे रोप दिसले. पाने कोथिंबिरीसारखी. यादीत मृत म्हणून लिहिलेला तो नेचा जिवंत होता! आणखी शोधता सारी मिळून चार रोपे सापडली. चार म्हणजे किती, हे ज्याने कुंडीत एकच रोप वाढविले आहे त्यास कळेल. एका कडक उन्हाळ्यात सारे संपले असते. त्यांनी त्या उतारावरून पुनःपुन्हा उतरून रोपांची निगा राखली. पुढे बीजाणू धरलेले पानांचे तुकडे जंतुरहित डबीत घालून विमानाने इंग्लंडास धाडले, आणि ते चोवीस तासांच्या आत क्यू येथे पोहोचले. तेथील प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यांत, मातीवाचून, त्या बीजाणूंपासून प्रथम नखाएवढे हिरवे पापुद्रे व मग नेचे उगवले. अल्पावधीत तेथे साठांच्या आसपास रोपे तयार झाली.

हूकर यांच्या अरण्याविषयीही अलीकडे मते बदलत आहेत. बेटाच्याच मूळच्या नेच्यांपैकी एक बारीक जात आता परदेशातून आणलेल्या झाडांच्या शेवाळलेल्या खोडांवर सुखाने राहू लागली आहे. ज्यांनी तिची जागा घेतली त्यांनीच तिला घर दिले. म्हणून सारे परके झाड तोडून टाकावे असे तेथील जाणते लोक म्हणत नाहीत. सन २००५ पासून डोंगर राखीव उद्यान आहे, आणि त्यांचे बरेचसे काम म्हणजे अमुक दरडीवरचा हंसराज खुरपून काढणे व तमुक दरडीवर नेच्याची रोपे लावून पाहणे, असे माळ्याचेच आहे. कोथिंबिरीच्या पानांचा नेचा बेटावरील रोपवाटिकेतही वाढविला गेला, व तेथून काही रोपे पुन्हा डोंगरावर लावण्यात आली. जात अजूनही अतिसंकटग्रस्त म्हणून गणली जाते. तिच्या नावापुढील कंसात पित्याची अक्षरे पूर्वीप्रमाणेच आहेत, आणि ती ज्या धुक्यातून ओल घेते ते धुके अडविणारी झाडे पुत्राच्या सल्ल्याने लावलेली आहेत.